बिलेट

युद्धाच्या पुस्तकांत ‘बिलेट’ वाचलं की मी वर्षानुवर्षं ‘बराक’ असाच अर्थ लावत आलो. अर्थ जवळपास उलटा निघाला. बिलेट म्हणजे सैनिकाला गावातल्या कुणाच्या तरी घरी मिळालेला आसरा. मूळ लॅटिन ‘बुल्ला’, म्हणजे बुडबुडा. मग बुडबुड्यासारखी गोल मोहोर, मोहोर लावलेला कागद, आणि फ्रेंचमधून आलेलं त्याचं लहान रूप ‘बिलेट’, चिठ्ठी. ‘या शिपायाला जागा द्या’ असा हुकूम त्या चिठ्ठीवर असे. पुढे चिठ्ठीचं नाव घरालाच चिकटलं.

१९४४च्या नॉर्मंडी चढाईआधी इंग्लंडमधल्या डेव्हन, कॉर्नवॉलच्या गावांत अमेरिकन सैनिक असे राहिले. कुणाची माजघरालगतची खोली, कुणाकडे परक्या मुलासाठी वाढलेलं ताट. घरात साखर, लोणी, मांस सगळं रेशनवर. म्हणून अमेरिकन युद्धखात्याने १९४२च्या पुस्तिकेत बजावलं होतं: जेवायला बोलावलं तर बेतानं खा, तुमच्या एका जेवणात त्या कुटुंबाचं आठवड्याचं रेशन संपेल. मला ही सूचना फार हृद्य वाटते. गंमत म्हणजे, एकेकाळी याच ब्रिटिशांचे शिपाई आपल्यावर लादले गेल्याच्या रागातून अमेरिकेने १७९१मध्ये, शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीविना सैनिक ठेवायला घटनेतच बंदी घातली होती!

आज फ्रेंच, रशियन, पोलिश माणसाचं ‘बिलेट’ म्हणजे तिकीट. आपल्याकडे त्याचं भावंड ‘बिल’ नांदतं: लाइटचं बिल, संसदेतलं बिल, आणि दुसऱ्याच्या नावावर फाडलेलं बिल.