उंदरांच्या जंतांचे औषध: एक मागोवा

प्रयोगशाळेतल्या उंदरांना जंत झाले की त्यांच्या खाद्याच्या कांड्या बदलतात. नव्या कांड्यांत किलोमागे १५० मिलिग्रॅम फेनबेंडाझोल असते आणि हे खाद्य काही आठवडे चालते. उंदीर निमूटपणे खातात, जंत मरतात, काम पुढे सुरू. मात्र या कांडीमागचा इतिहास मोठा आहे आणि तो नीट सांगितला जात नाही याची मला खंत वाटते.

जंत मुख्यतः दोन जातींचे, दोन्ही सूतकृमी. सायफेशिया ऑबव्हेलाटाची मादी उंदराच्या गुदद्वाराभोवती अंडी घालते. तिथे चिकटपट्टी लावून ती काचेवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, ही तिची तपासणी. अ‍ॅस्पिक्युल्युरिस टेट्राप्टेराची अंडी लेंडीतून बाहेर पडतात, त्यामुळे चिकटपट्टीवर ती सापडत नाहीत. अंडी हलकी आणि चिवट असतात. धुळीबरोबर ती एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातात.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाच्या बाई शौकिनांसाठी उंदीर पाळत. पुढे त्या संशोधकांना उंदीर पुरवू लागल्या. त्यांच्याकडच्या उंदरांपासून क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ मध्ये सी५७ब्लॅक हा वंश तयार केला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत दिसणारे काळे उंदीर त्याच वंशाचे. शौकाच्या आणि रानातल्या उंदरांत सूतकृमी सर्रास असतात, आणि प्रयोगशाळेतल्या उंदराचे पूर्वज तिथूनच आले.

आधी या जंतांवर पायपरेझिन हे औषध पिण्याच्या पाण्यात घालत. त्याने मोठे जंत पडत, पण अंडी तशीच राहत. १९६१ मध्ये मर्क कंपनीचे थायाबेंडाझोल आले आणि बेंझिमिडाझोल या नव्या घराण्याची सुरुवात झाली. ही औषधे जंताच्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. पेशींचा आतला सांगाडा उभा राहत नाही, जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. फेनबेंडाझोल याच घराण्यातले. ते मोठे जंत, अळ्या आणि अंडी या तिन्हींवर चालते. राष्ट्रीय जंतनाशक दिनी आपल्या शाळांतून मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी त्याचीच सख्खी बहीण.

दुसरी शाखा जपानमधून आली. कितासातो संस्थेचे सातोशी ओमुरा यांनी शिझुओका प्रांतात इतो शहराजवळच्या कावाना इथल्या गोल्फ मैदानालगतची माती घेतली. तिच्यातला एक जिवाणू १९७०च्या दशकात न्यू जर्सीत मर्कमध्ये विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूकडे पोचला. तिथली चाचणी साधी होती. मुद्दाम आतड्यात जंत घातलेल्या उंदराला जिवाणूचा अर्क खाद्यातून द्यायचा आणि जंत जातात का ते पाहायचे. या अर्काने ते गेले. त्यातून आयव्हरमेक्टिन निघाले. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी आले. १९८७ मध्ये मर्कने ‘नदीकाठचे अंधत्व’ या माणसांच्या रोगावर ते फुकट देण्याची घोषणा केली. २०१५ मध्ये ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळाले. आफ्रिकेत लाखोंची दृष्टी वाचवणाऱ्या औषधाची पारख एका जंतग्रस्त उंदराच्या पोटात झाली होती.

मग हेच औषध उंदरांच्या उपचारासाठी परत आले, आणि त्यातून या वंशावळीतला सर्वांत विलक्षण प्रसंग घडला. अ‍ॅम्स्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेत अल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी एक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. उंदरांना गोचिडीच्या जातीचे बारीक जीव झाले म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारले. साधे उंदीर धडधाकट राहिले. जनुक नसलेले जवळजवळ सगळे मेले. त्यांच्या मेंदूत औषध ८० पटींहून जास्त साठले होते. रक्तातून मेंदूत शिरू पाहणाऱ्या कित्येक औषधांना त्या जनुकापासून बनणारे पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन बाहेर ढकलते, हे १९९४ मध्ये अशा रीतीने उघड झाले. कोली जातीच्या काही कुत्र्यांना हे औषध का बाधते, त्याचे उत्तरही २००१ मध्ये याच जनुकात सापडले.

फेनबेंडाझोल सौम्य मानले जाते, पण तेही अगदी निरुपद्रवी नाही. २००८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी लिहिले की जंतनाशक खाद्य सुरू असताना उंदरांत रुजवलेला मानवी लिम्फोमा नीट वाढलाच नाही. तपास केला तेव्हा दिसले की एकट्या फेनबेंडाझोलने किंवा खाद्यातल्या एकट्या जादा जीवनसत्त्वांनी काही होत नाही, दोन्ही एकत्र असले की गाठ खुंटते. या एका निरीक्षणाचा आधार घेऊन कुणी स्वतःच्या कर्करोगावर जनावरांचे औषध घेऊ नये; माणसांसाठी त्याला मंजुरी नाही.

जंत ठेवले तर उंदराची प्रतिकारशक्ती बदलते, औषध दिले तर औषध प्रयोगात शिरते. जंतमुक्त मादीच्या गर्भाशयात भ्रूण रुजवून वंश नव्याने सुरू करता येतो, पण तो उपाय खर्चिक आणि वेळखाऊ. बहुतेक ठिकाणी औषधी कांडीच राहणार. म्हणून उंदरांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला विनंती: उंदरांना जंत होते का, कोणते औषध किती दिवस दिले आणि प्रयोगाच्या किती आधी थांबवले, हे शोधनिबंधाच्या पद्धती विभागात लिहा.