एका रकान्यात न मावणारी घरे

अमेरिकेतल्या बहुवंशीय कुटुंबाची शाळेशी पहिली गाठ पडते ती प्रवेश अर्जावर. मुलाचा वंश कोणता? आई मराठी आणि वडील मेक्सिकन असतील, तर पूर्वी बहुतेक अर्जांत एकच खूण करता येई. म्हणजे आई किंवा वडील, कुणाला तरी वगळावे लागे. शाळा आणि बहुवंशीय घर यांच्या भागीदारीच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना मी आधी हा अर्जच वाचायला सांगेन.

आंतरवंशीय विवाहांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात १९६७ साली रद्द केली. जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवता येऊ लागले ते मात्र २००० साली. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २००७ च्या सूचनांनी शाळांच्या अहवालात 'दोन किंवा अधिक वंश' हा गट आणला. तरी त्या सूचनांनुसार वरच्या उदाहरणातले मूल अहवालात फक्त 'हिस्पॅनिक' ठरते. आईचा वारसा आकडेवारीत उरतच नाही. आणि पालकांनी उत्तर दिले नाही, तर शाळेतल्या कुणीतरी मुलाकडे पाहून वंश ठरवायचा! ज्या घराशी भागीदारी करायची, त्याच्याबद्दलचा निर्णय असा परस्पर होणे मला अन्यायाचे वाटते.

२०२० च्या जनगणनेत बहुवंशीय लोकसंख्या ३ कोटी ३८ लाख भरली. दहा वर्षांपूर्वी ती ९० लाख होती. यातली काही वाढ प्रश्नाची मांडणी आणि नोंदणीची पद्धत बदलल्यामुळे झाली, हे अभ्यासकाने विसरू नये.

आकड्यांपलीकडे, शाळा आणि घर यांची भागीदारी कशी घडवायची यासाठी अभ्यासक जॉइस एपस्टीन यांची पालक-सहभागाच्या सहा प्रकारांची मांडणी सर्वत्र वापरली जाते. मला अधिक जवळचे वाटते ते संशोधक लुइस मॉल आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये केलेले काम. तिथले शिक्षक मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांत गेले ते शिकवायला नव्हे, शिकायला. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती यांचे त्या घरांतले ज्ञान त्यांनी वर्गात आणले. बहुवंशीय घरी जाताना मात्र आणखी सावध राहावे लागते, कारण तिथे 'यांची संस्कृती' म्हणून एकच काही गृहीत धरता येत नाही. सख्खी भावंडेही स्वतःची ओळख वेगवेगळी सांगतात, आणि मानसशास्त्रज्ञ मारिया रूट यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या बहुवंशीय व्यक्तींच्या हक्कनाम्यात तो त्यांचा हक्कच मानला आहे. गोऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या बराक ओबामांनी २०१० च्या जनगणनेत केवळ कृष्णवर्णीय अशी नोंद केली होती. शिक्षकाने असे उत्तर दुरुस्त करायला जाऊ नये.

मुलाला न्यायला आलेल्या आईला, रंग जुळत नाही म्हणून, 'तुम्ही याला सांभाळता का?' असे फाटकावर विचारले जाते, तेव्हा पुढच्या पालकसभेला ती का येत नाही याचे उत्तर शाळेने आधी स्वतःकडे शोधावे.