फ्रेंचमधील भविष्यकाळ
फ्रेंचमध्ये भविष्यकाळाची तीन रूपे येतात. साधे रूप (फ्युत्युर सँप्ल) धातूच्या मूळ रूपाला प्रत्यय जोडून होते : पार्ले (बोलणे), झ पार्लरे (मी बोलेन). हे प्रत्यय म्हणजे ‘आव्हवार’ (जवळ असणे) या क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपांचे अवशेष होत. बोलीतील लॅटिनमध्ये ‘कांतारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गायचे आहे’, अशी रचना रूढ झाली आणि तिचे दोन शब्द पुढे एकजीव झाले. एत्र, आव्हवार, आले, फेर अशा नित्याच्या क्रियापदांची अंगे बदलतात. प्रत्यय मात्र सर्वत्र तेच राहतात.

दुसरे रूप (फ्युत्युर प्रॉश) ‘आले’ (जाणे) या क्रियापदाच्या साहाय्याने होते. ज्या घटनेची चिन्हे आताच दिसतात, तिच्यासाठी ते वापरतात. ‘एल व्हा आव्हवार अँ-नाँफाँ’ म्हटले की ती गरोदर आहे असे सहसा समजतात. ‘एल ओरा अँ-नाँफाँ’ म्हणजे तिला पुढे कधीतरी मूल होईल. अनुवादात हा भेद पुसला जाऊ नये.

तिसरे रूप (फ्युत्युर आँतेरियर) भविष्यात आधी पुरी होणारी क्रिया दाखवते. ते तर्कासाठीही येते : ‘इल ओरा उब्लिए’, तो विसरला असेल. मराठीही इथे भविष्यकाळच वापरते. ‘तू येशील तेव्हा’ यातही दोन्ही भाषा भविष्यकाळच घेतात. ‘तू आलास तर’ या अर्थी मात्र फ्रेंचमध्ये ‘सि’पुढे वर्तमानकाळ येतो. — संपादक