द गोट्स
अमेरिकन लेखक व चित्रकार ब्रॉक कोल (जन्म १९३८) यांची किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी. प्रथम प्रकाशन १९८७. कोल आधी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. मुलांच्या चित्रपुस्तकांनंतर लिहिलेली ही त्यांची पहिली कादंबरी.

पार्श्वभूमी : उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत मुलांना काही आठवडे निवासी शिबिरात पाठवण्याची प्रथा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहे. तळ्याकाठच्या लाकडी खोल्या, पोहणे, होड्या, शेकोटी आणि देखरेखीला थोडे मोठे तरुण असे या शिबिरांचे रूप असते. आईवडिलांपासून दूर राहून मूल स्वावलंबी व्हावे, हा त्यांचा हेतू. पण मोठ्यांची नजर चुकली की याच ठिकाणी दुबळ्यांचा छळही होतो. कोल यांनी कथेसाठी नेमकी हीच बाजू निवडली आहे.

कथानक : हॉवी आणि लॉरा ही तेरा वर्षांच्या आसपासची, कुणात न मिसळणारी मुले. शिबिरातील जुन्या ‘गमती’साठी त्यांची निवड होते. सोबती त्यांचे कपडे काढून घेतात आणि रात्री तळ्यातील बेटावर त्यांना सोडून देतात. अशा मुलांना शिबिरात ‘बकरे’ (गोट्स) म्हणतात, त्यावरूनच कादंबरीला नाव मिळाले आहे. एका ओंडक्याच्या आधाराने दोघे किनारा गाठतात आणि शिबिरात परत न जाण्याचे ठरवतात. बंद घरात शिरणे, कपडे व पैसे चोरणे, खोटे बोलून मोटेलमध्ये राहणे असे करत ती दिवस काढतात. दुसऱ्या एका शिबिराला निघालेली शहरातील कृष्णवर्णीय मुले त्यांना आपल्यात सामावून घेतात. हॉवीचे आईवडील पुरातत्त्वीय उत्खननासाठी परदेशात आहेत. लॉराच्या आईला मुलीच्या फोनमागचे दुःख सुरुवातीला उमगत नाही, मग ती त्यांच्या शोधात निघते.

वैशिष्ट्ये : निवेदन बराच काळ दोघांना केवळ ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ म्हणते. त्यांची नावे वाचकाला हळूहळू कळतात, तशीच ती दोघे एकमेकांना उमगत जातात. लज्जा, भूक व भीती यांचे वर्णन साध्या, संयत भाषेत येते. छळ करणाऱ्यांचा सूड घेण्याकडे कथा वळत नाही. एकमेकांवरच्या विश्वासातून आत्मसन्मान परत मिळवणे, हा तिचा गाभा आहे.

आक्षेप व रूपांतर : नग्नतेच्या उल्लेखांमुळे शाळांतून व ग्रंथालयांतून पुस्तकाला विरोध झाला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या १९९०–९९ या दशकातील सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या १०० पुस्तकांच्या यादीत त्याचा समावेश आहे. डी. जे. करूसो दिग्दर्शित ‘स्टँडिंग अप’ हा चित्रपट (२०१३) या कादंबरीवर आधारित आहे.

मूल्यमापन : ज्या प्रसंगामुळे पुस्तक आक्षेपार्ह ठरवले गेले, तो प्रसंग क्रौर्याचा निषेध करण्यासाठीच लिहिलेला आहे. छळ सोसणाऱ्या मुलांची बाजू इतक्या आदराने मांडणारी ही कादंबरी किशोरसाहित्यात महत्त्वाची ठरते. मुलांइतकीच ती पालकांनी व शिक्षकांनीही वाचावी अशी आहे.