पेटीचा गंधार

शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे जन्मगाव. गवयांच्या या मुलखात पेटीविषयी जुनी तक्रार आहे : तिचा गंधार चढा लागतो. तक्रार खरी आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तंबोऱ्यातला गंधार सुमारे ३८६ वर येतो, पेटीचा ४०० वर.

जवळच्याच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला. पुढे क्लेमेंट्स यांच्यासह त्यांनी श्रुती-हार्मोनियम घडवली. १९१६ च्या बडोदे परिषदेत तिच्या स्वरांवर वाद झाला. पण पेटीचा स्वर बदलायचा, तर पितळी पाती घासावी लागते.

१९८३ मध्ये 'मिडी' ही विद्युत्-वाद्यांची संकेतभाषा आली. तिचा 'सिस्टिम एक्सक्लुझिव्ह' संदेश पाकिटासारखा असतो : आरंभी २४०, मग पत्ता व मजकूर, शेवटी २४७. मजकुरातला प्रत्येक आकडा ० ते १२७. स्वर जुळवण्याचा सर्वमान्य संदेश १९९२ मध्ये ठरला. त्यात दोन आकडे मिळून अर्धस्वराचे १२८ × १२८, म्हणजे १६,३८४ भाग पाडतात. तशी सोय असलेल्या कीबोर्डचा गंधार एका संदेशाने १४ सेंट उतरतो.

आता कानस नको. मात्र स्वर किती उतरवायचा, हे पाकिटात आपणच लिहायचे असते. आणि ते आपल्याला कानच सांगतो.