अरबी समुद्रातील कार्बन डाय-ऑक्साइडचे जहाजांवरून मापन

पनवेलच्या खाडीत भरतीबरोबर शिरणारे पाणी अरबी समुद्राचे. हा समुद्र हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषतो की उलट हवेत सोडतो, हा प्रश्न वरवर केवळ रसायनशास्त्राचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर, कोणते जहाज कोणत्या महिन्यात समुद्रावर होते, यावर फार अवलंबून राहिले आहे.

पृष्ठजलातील वायूचा दाब हवेतील दाबाहून अधिक असेल तर वायू बाहेर पडतो. कमी असेल तर पाण्यात विरघळतो. डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग याने ग्रीनलंडकडील निरीक्षणांच्या आधारे १९०४ साली या दाबाचा विचार मांडला होता. परंतु चालत्या जहाजावर तो अखंड मोजण्याची सोय होण्यास सुमारे अर्धशतक लागले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या सुमारास ही रीत रूढ होऊ लागली. समुद्राचे पाणी पंपाने घेऊन बंद पात्रातील हवेत फवारावयाचे आणि दोहोंचा समतोल झाला की त्या हवेतील वायू अवरक्त विश्लेषकाने मोजावयाचा, अशी ती रीत होय.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत स्क्रिप्स संस्थेचे ‘आर्गो’ जहाज १९६२-६३ मध्ये हे उपकरण घेऊन या महासागरात फिरले. सफरीचे नाव ‘लुसियाड’. वास्को द गामाच्या प्रवासावरील पोर्तुगीज महाकाव्यावरून ते घेतलेले. चार्ल्स कीलिंग व ली वॉटरमन यांनी तिची मापने १९६८ साली प्रसिद्ध केली. तथापि एका जहाजाची वाट म्हणजे त्या त्या दिवसांची एक रेघ. तीवरून वर्षाचा हिशेब मांडता येत नाही.

अरबी समुद्राच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण येथे वारेच ऋतूनुसार उलटतात. १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पुढे तिचे मुख्य कार्यालय गोव्यात आले. १९८३ पासून ‘सागर कन्या’ हे संशोधन-जहाज भारताच्या सेवेत आले. त्यावरून १९९४ च्या एप्रिल-मेमध्ये, १९९५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि त्याच वर्षी ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, निरीक्षणे झाली. कोकणातले मच्छीमार ज्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्या दिवसांत घेतलेली ही निरीक्षणेच निर्णायक ठरली.

उन्हाळ्यात पाणी तापल्याने दाब वाढतो; दर अंशाला ही वाढ सुमारे ४ टक्के असते. हिवाळ्यात उत्तरेकडील पृष्ठजल थंड होऊन खाली बसते व खालचे कार्बनयुक्त पाणी वर मिसळते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातले थंड पाणी वर येते. व्ही. व्ही. एस. एस. सर्मा, एम. दिलीप कुमार व एम. डी. जॉर्ज यांनी १९९८ साली मध्य व पूर्व अरबी समुद्र हा या वायूचा बारमाही उगम असल्याचा निष्कर्ष मांडला. पावसाळी सफर झाली नसती तर ‘बारमाही’ हा शब्द लिहिताच आला नसता.

किनाऱ्यालगत मात्र सावधगिरी हवी. पावसाचे व नद्यांचे गोडे पाणी पातळ थराने वर तरंगते. जहाजाचा पंप पाणी घेतो ते काही मीटर खालून. तेव्हा मोजलेले पाणी हवेला भिडलेले असेलच असे नाही.

पुढील काळात समुद्री चाचेगिरीमुळे वायव्य हिंदी महासागरातील संशोधन-सफरींत अडथळे आले. हवा मात्र थांबली नाही: १९९५ च्या सुमारास दर दशलक्ष भागांत ३६० असलेले या वायूचे प्रमाण आता ४२० च्या वर गेले आहे, आणि त्यामुळे जुन्या दाबफरकाचे आकडे आज जसेच्या तसे वापरता येत नाहीत. उत्तर अटलांटिकात नियमित फेऱ्या करणाऱ्या मालवाहू जहाजांवर अशी उपकरणे बसविण्यात आली. पनवेलजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून १९८९ पासून पावसाळ्यातही मालवाहू जहाजे या समुद्रात जात आहेत.