मूळव्याध आणि शस्त्रवैद्यक

कांहीं रोगांना समाजांत मान असतो. हृदयविकार झाला तर माणूस तो चारचौघांत सांगतो. मधुमेहाची तर पंगतीला बसतांच चर्चा सुरू होते. परंतु असा एक रोग आहे कीं, जो घरोघर असून कोणाच्याच घरीं नसतो. करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं एस.टी.च्या स्थानकाबाहेर क्षणभर उभे राहा. 'विना शस्त्रक्रिया', 'एका दिवसांत', 'लेझरनें' अशा पाट्या कोणत्या ना कोणत्या भिंतीवर दिसतीलच. पाटी मोठ्या अक्षरांत असते, आणि ती वाचणारा मात्र कोणी पाहत नाहीं ना, याची खात्री करून घेतो. मूळव्याधीचा सारा इतिहास या दोन गोष्टींत सांठविला आहे : रोग्याची लाज आणि शस्त्राचें भय. या भयावर वैद्यकानें कसकसे उपाय शोधले, हें आज पाहावयाचें आहे.

आपल्याकडे या इतिहासाचा आरंभ सुश्रुतापासून करणें उचित होय. 'अर्श' या नांवानें त्यानें या रोगाचें निदान केलें आणि चिकित्सेचे चार मार्ग सांगितले : औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र. यांतील मर्म असें कीं, हे चार मार्ग चार निरनिराळ्या रोग्यांसाठीं आहेत. रोग नवा व सौम्य असेल तर औषध. मोड मऊ व पसरट असतील तर क्षार. कठीण व खरखरीत असतील तर अग्नि. आणि बारीक देंठाचे असतील तरच शस्त्र. सर्वांना एकच उपाय लावणारा वैद्य सुश्रुताच्या शिष्यवर्गांत बसला नसता.

क्षारकर्माचें त्याचें वर्णन आजही शस्त्रवैद्यानें वाचण्यासारखें आहे. गाईच्या स्तनाच्या आकाराचें, चार अंगुळें लांबीचें एक नलिकायंत्र त्यानें सांगितलें आहे. त्याला दोन छिद्रें असावीं, एक पाहण्यासाठीं आणि एक कर्म करण्यासाठीं. रोग्याचें गुद सूर्याच्या दिशेला येईल असें त्यास निजवावें, म्हणजे आंत उजेड पडेल. यंत्रास तूप लावून तें हळुवारपणें आंत घालावें, मोडावर क्षार लावावा आणि शंभर मात्रा उच्चारण्यास लागेल इतका वेळ थांबावें. मोड पिकलेल्या जांभळासारखा दिसूं लागला कीं आम्ल द्रवानें क्षार धुवावा आणि जेष्ठमध व तूप लावून दाह शमवावा. मोड अनेक असतील तर सात सात दिवसांच्या अंतरानें एकेक घ्यावा. विजेचा दिवा नव्हता, भूल नव्हती. परंतु दृष्टि, संयम आणि रोग्याच्या सोसण्याचा विचार हीं तिन्ही होतीं.

याच परंपरेंतील दुसरी वस्तु म्हणजे क्षारसूत्र. कृश, दुर्बळ आणि भित्र्या रोग्याच्या नाडीव्रणावर शस्त्र न चालवितां क्षार लावलेल्या दोऱ्यानें तो छेदावा, असें सुश्रुतानें सांगितलें. भित्र्या माणसालाही शास्त्रांत जागा देणारा हा ग्रंथकार मला फार मोठा वाटतो. पुढें अकराव्या शतकांत चक्रपाणिदत्तानें निवडुंगाचा चीक व हळद यांनीं भावित केलेला दोरा अर्श आणि भगंदर या दोहोंसाठीं सांगितला.

मध्यंतरीं ही विद्या पोथ्यांत राहिली आणि हातांतून गेली. 1845 सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें आणि पाश्चात्य शस्त्रवैद्यक आपल्या प्रांतांत शिकविलें जाऊं लागलें. 1860 मध्यें लोहमार्ग सोलापुरास पोंचल्यावर त्या मार्गावर असलेल्या करमाळे तालुक्याला मुंबई जवळची झाली. तरी सोलापुरास वैद्यकीय महाविद्यालय निघावयास 1963 साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत जुन्या विद्येचे ग्रंथ जगविण्याचें कार्यही मराठी मुलुखांतच झालें. 1907 मध्यें शंकर दाजीशास्त्री पदे यांनीं नाशिकास आयुर्वेदीय संमेलन भरविलें. 1938 मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली सटीक सुश्रुतसंहिता प्रसिद्ध केली. ग्रंथ शुद्ध छापला गेला, म्हणूनच पुढें तो कोणाला तरी हातांत घेऊन प्रयोग करतां आला.

तो प्रयोग काशी हिंदु विश्वविद्यालयांत झाला. 1960 नंतरच्या दशकांत डॉ. शंकरन् व डॉ. प्र. ज. देशपांडे यांनीं क्षारसूत्राचें पुनरुज्जीवन केलें. तागाच्या जातीच्या दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचीं एकवीस पुटें चढवावयाचीं, अशी त्याची रीत ठरली. निवडुंग आणि आघाडा! करमाळ्याच्या बांधांवर ज्यांना आपण पायानें तुडवितों, त्यांच्याच रसांत ही विद्या भिजलेली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें भगंदरावर या दोऱ्याची शस्त्रक्रियेशीं तुलना करून 1991 मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले : व्रण भरण्यास दोऱ्यानें वेळ अधिक लागतो, परंतु रोग उलटण्याचें प्रमाण कमी होतें. भगंदर आणि मूळव्याध हे दोन निराळे रोग आहेत, हें मात्र विसरूं नये.

आतां पश्चिमेकडे वळूं. तेथेंही हिपॉक्रेटीसच्या परंपरेंत तापलेल्या लोखंडाचा डाग होताच. 1835 मध्यें फ्रेडरिक सामन यानें केवळ गुदरोगांसाठीं लंडनमध्यें एक दवाखाना काढला. तोच पुढें सेंट मार्क्स रुग्णालय म्हणून विख्यात झाला. तेथील मिलिगन व मॉर्गन यांनीं 1937 मध्यें मोड कापून काढण्याची जी पद्धति वर्णिली, ती आजही प्रमाण मानली जाते. रोग मुळासकट जातो. पण नंतरचे कित्येक दिवस शौचाची वेळ रोग्यास परीक्षेची वाटते.

म्हणून विना शस्त्राचा मार्ग शोधणें सुरू झालें. 1871 च्या सुमारास अमेरिकेंतील मिचेल यानें कार्बोलिक आम्लाचें इंजेक्शन मोडांत देण्यास आरंभ केला. हा उपाय गुपित म्हणून विकला गेला, आणि गांवोगांव हिंडणाऱ्या भोंदूंच्या हातीं पडून त्यानें कित्येकांचें नुकसान केलें. पुढें तोच उपाय सौम्य प्रमाणांत, बदामाच्या तेलांत मिसळून, सुजाण डॉक्टरांनीं मान्य केला. उपाय वाईट नव्हता. गुपित वाईट होतें. आजही ज्या पाटीखालीं डॉक्टराची पदवी व औषधाचें नांव सांगितलें जात नाहीं, तेथें हीच गोष्ट पुन्हां घडत असते.

1963 मध्यें बॅरन यानें रबराची बारीक कडी मोडाच्या मुळाशीं बसविण्याची सोपी युक्ति रूढ केली. गुदमार्गांत दांतेरी रेषेच्या वरच्या भागाला कापल्याची वेदना जाणवत नाहीं. कडी तेथेंच बसवावयाची असते, आणि मोड सुकून कांहीं दिवसांत गळून पडतो. 1975 मध्यें टॉमसन यानें दाखवून दिलें कीं, मोड म्हणजे केवळ फुगलेल्या शिरा नसून निसर्गानेंच दिलेल्या गाद्या आहेत, त्या जागेवरून घसरल्या म्हणजे रोग होतो. मग कापण्यापेक्षां त्या जागेवर नेऊन बसविणें अधिक युक्त, असा विचार पुढें आला. 1995 मध्यें जपानी वैद्य मोरिनागा यानें डॉपलर यंत्रानें धमनी शोधून ती बांधण्याची रीत सांगितली. 1998 मध्यें इटलीच्या लोंगो यानें स्टेपलर यंत्रानें गादी वर ओढून टांचण्याची पद्धति मांडली. त्यानंतर लेझर आला.

मग जुनें सारें टाकाऊ ठरलें काय? नाहीं. ब्रिटनमध्यें 777 रोग्यांवर स्टेपलर व कापण्याची पद्धति यांची तुलना झाली; 2016 मध्यें निष्कर्ष आले, ते असे : स्टेपलरनें प्रारंभीं वेदना कमी, परंतु रोग परत येण्याचें प्रमाण अधिक. त्याच वर्षीं दुसऱ्या एका परीक्षेंत धमनी बांधलेल्यांपैकीं शेंकडा 30 जणांना, आणि कडी बसविलेल्यांपैकीं शेंकडा 49 जणांना, वर्षभरांत त्रास पुन्हां झाला. मात्र पहिला उपाय पुष्कळ महाग होता, आणि कडी लागल्यास पुन्हां बसवितां येते. म्हणजे सुखाची किंमत कोठें तरी मोजावीच लागते. कोणत्या रोग्यानें ती कोणत्या रूपांत मोजावी, हा निर्णय यंत्र करीत नाहीं. वैद्य व रोगी यांनीं मिळून तो करावयाचा असतो. सुश्रुताच्या चार मार्गांचें तात्पर्य तरी दुसरें काय होतें?

शेवटीं दोन गोष्टी. पुष्कळांची प्रथमावस्थेंतील व्याधि शस्त्र दूर ठेवूनच आटोक्यांत येते : भाकरी, भाजी, पुरेसें पाणी, आणि शौचास कुंथत न बसण्याची संवय. आपल्या ज्वारीच्या मुलुखांत पांढऱ्या पावाच्या मोहानें भाकरी ताटांतून उठूं नये, इतकेंच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रक्त पडलें म्हणजे ती मूळव्याधच असें समजून वर्षानुवर्षें चूर्णें खात बसणें घातक होय. आंतड्याच्या कर्करोगाचेंही तें पहिलें चिन्ह असूं शकतें, आणि लवकर तपासणी झाली तर त्या रोगांतूनही माणूस वांचतो.

सुश्रुतानें रोग्याला सूर्याकडे वळवून निजविलें, तें आंतलें दिसावें म्हणून. दोन हजार वर्षांनंतर उजेडाचीं साधनें आपल्यापाशीं विपुल आहेत. रोगी तेवढा अजून अंधारांत उभा आहे, पाटी वाचीत, इकडेतिकडे पाहत. आपल्या घरांत असा कोणी असेल, तर त्याला आज रात्रीं नुसतें विचारा. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.